प्रोग्रामिंगचा तास कोणाच्या वर्गात?

१ मे १९६४ रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात बेसिक या भाषेतला पहिला प्रोग्राम चालला. ही भाषा घडवणारे जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे दोघेही गणिताचे प्राध्यापक. संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग तिथे तेव्हा नव्हता, आणि विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहायला शिकवण्याचे काम गणिताच्याच तासांना होई. पुढच्या काही दशकांत जगभर संगणकशास्त्राचे वेगळे विभाग उभे राहिले, त्यांचे स्वतःचे प्रश्न आणि स्वतःची शिस्त तयार झाली, आणि प्रोग्रामिंग गणिताच्या वर्गाबाहेर गेले. आज ते गणिताच्या पदवीत जवळजवळ सगळीकडे परत आले आहे. पण आले ते बहुधा नोकरीला उपयोगी पडणारे एक कौशल्य म्हणून, एका वेगळ्या पेपराच्या रूपात. त्यामुळे गणिताच्या विद्यार्थ्याला प्रोग्रामिंग शिकवावे का, या प्रश्नावर आता वाद घालण्यासारखे फार उरलेले नाही. ते कोणी, कोणत्या विषयाच्या आत आणि कशासाठी शिकवावे, यावर मात्र पुरेसा विचार झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी, की गणिताच्या विद्यार्थ्यासाठी प्रोग्राम म्हणजे व्याख्या समजली आहे की नुसती पाठ आहे, हे उघड करणारी परीक्षा होय. आणि हे एकदा मान्य केले की त्याचा तास विश्लेषणाच्या, बीजगणिताच्या, संख्याशास्त्राच्या तासापासून तोडून चालत नाही.

आजची स्थिती काय आहे, याचे सर्वांत पद्धतशीर चित्र ब्रिटनमधून मिळते. ख्रिस सँगविन आणि क्लेअर ओ'टूल यांनी तिथल्या गणित विभागांची पाहणी करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४६ विभागांनी, म्हणजे गणितात बी.एस्सी. देणाऱ्या विभागांपैकी ६३ टक्क्यांनी, उत्तरे दिली. ७८ टक्के पदव्यांमध्ये प्रोग्रामिंग सक्तीच्या पेपरात होते. भाषा म्हणून मॅटलॅब सर्वांत पुढे, सोबतचा गणिती विषय बहुतेक ठिकाणी न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस, आणि मूल्यमापन बहुधा लेखी परीक्षेविना, केवळ वर्षभरातल्या कामावर. फंक्शनल भाषा किंवा सिद्धता तपासणारी सॉफ्टवेअर यांचा उल्लेख एकाही उत्तरात नव्हता. यांतला ७८ टक्क्यांचा आकडा पाहून समाधान मानता येईल. मला महत्त्वाची वाटते ती न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसची मक्तेदारी. समीकरणाचे मूळ दशांशात काढणे, वक्राखालचे क्षेत्रफळ अदमासे मोजणे ही कामे संगणकाची खरीच, पण प्रोग्रामिंग तेवढ्यापुरतेच राहिले की विद्यार्थ्याच्या मनात एक वाटणी पक्की होते: सिद्धता हे गणित आणि कोड हे आकडेमोडीचे यंत्र. ही वाटणी खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचे दाखवायला अगदी साधे उदाहरण पुरते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ हा स्थिरांक घ्या. चार अंकी संख्या घ्यायची, तिचे सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याचा प्रोग्राम लिहायला सांगितला की त्याच्या पहिल्या प्रयत्नात हमखास एक चूक येते. २१११ मधून १११२ वजा केले की ९९९ उरतात. प्रोग्राम ही संख्या तीन अंकी समजतो, ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि शून्यावर येऊन थांबतो. म्हणजे कापरेकरांचे विधान खोटे? विधान खोटे नाही. 'चार अंकी संख्या' म्हणजे काय, हेच विद्यार्थ्याने ठरवलेले नव्हते. ०९९९ ही चार अंकांची मांडणी आहे, संख्या नव्हे, आणि क्रिया मांडणीवर चालते. कागदावर तोच विद्यार्थी नकळत शून्य लिहून पुढे गेला असता आणि आपण व्याख्या दुरुस्त केली याचा त्याला पत्ताही लागला नसता. यंत्र नकळत काही करत नाही. दुरुस्त प्रोग्राम दहा हजार मांडण्या क्षणात तपासतो. ही सिद्धताच आहे, कारण सगळ्या शक्यता संपल्या. मात्र ती काही समजावून सांगत नाही. इथे शिक्षकाने पुढचा प्रश्न टाकायचा: इतक्या शक्यता तपासण्याची खरोखर गरज होती का? उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) इतकी येते. म्हणजे पहिल्या पायरीचे उत्तर दोनच फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्यापर्यंत. एकूण शक्यता ५४. दहा हजारांवरून चोपन्नावर आणणारे हे काम बीजगणिताचे आहे, पण त्याची निकड कोडने निर्माण केली. पाच अंकांसाठी हाच प्रोग्राम चालवला तर एकही स्थिरांक सापडत नाही, संख्या वर्तुळात फिरत राहतात, आणि ज्याने 'स्थिरांक मिळेपर्यंत फिर' असा लूप लिहिला असेल त्याचा प्रोग्राम कधीच थांबत नाही. का थांबत नाही, हा प्रश्न पुन्हा गणिताचाच.

हाच विचार पदवीच्या अमूर्त बीजगणितात पद्धतशीरपणे राबवण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग एड डुबिन्स्की आणि उरी लेरॉन यांनी केला. त्यांचे आयसेटल या भाषेवर आधारलेले अमूर्त बीजगणिताचे पाठ्यपुस्तक १९९४ साली आले. त्या भाषेत संच, फल आणि 'प्रत्येकासाठी', 'असा एक तरी' ही विधाने जवळजवळ गणिती लेखनासारखीच लिहिता येतात. विद्यार्थ्यांनी आधी प्रोग्राम लिहायचा: दिलेला संच दिलेल्या क्रियेसाठी बंदिस्त आहे का, क्रिया साहचर्य पाळते का, एकक घटक आहे का, आणि मग ग्रूपची व्याख्या वर्गात यायची. या क्रमाचे मर्म संख्यापकांच्या क्रमात आहे. एककासाठी 'असा एक घटक, जो प्रत्येकासाठी चालतो' असे म्हणावे लागते. व्यस्तासाठी 'प्रत्येकासाठी, त्याचा त्याचा एक घटक'. प्रोग्राममध्ये हा फरक कोणता लूप आत आणि कोणता बाहेर, इतका ढोबळ होऊन समोर येतो. लूप उलटे लागले तर काय होते? दोन घटकांच्या संचावर 'उत्तर नेहमी डावीकडचा घटक' अशी क्रिया घ्या. ती बंदिस्त आहे, साहचर्य पाळते, आणि लूप उलटलेला प्रोग्राम तिला एकक असल्याचेही प्रमाणपत्र देतो, कारण प्रत्येक घटकाला स्वतःपुरता एक घटक सापडतो, तो म्हणजे तो स्वतःच. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी चालणारे एकक तिथे नाही. सातत्य आणि एकसमान सातत्य यांत टी.वाय.चे विद्यार्थी वर्षानुवर्षे जो घोळ घालतात, तो नेमका हाच. फळ्यावर तो घोळ दहा वेळा समजावता येतो. चुकीचे उत्तर देणारा स्वतःचा प्रोग्राम तो एकदाच दाखवतो. आयसेटल भाषा पुढे वापरातून गेली, आणि डुबिन्स्कींच्या शिकण्याच्या सिद्धान्ताबद्दल मतभेदही झाले. पण व्याख्या समजणे म्हणजे ती अमलात आणता येणे, हा त्यांचा आग्रह भाषेबरोबर जुना झालेला नाही.

विभागाच्या पातळीवर असे प्रयोग टिकतात का, याचीही उत्तरे आहेत. ओस्लो विद्यापीठाने २००३ च्या सुधारणेपासून विज्ञानाच्या पहिल्याच सत्रात कलनशास्त्र, संगणकीय प्रारूपे आणि प्रोग्रामिंग हे तीन विषय एकाच वेळी आणि एकमेकांना धरून शिकवायला सुरुवात केली. हान्स पेटर लांगटांगेन, क्नुट मोर्केन आणि मॉर्टेन योर्थ-येन्सेन ही त्यामागची मंडळी. कागदावर न सुटणारी विकलक समीकरणे पहिल्याच वर्षी हाताळता येऊ लागली, की नंतरच्या भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या पेपरांतली उदाहरणे बदलावी लागतात. तिथे ती बदलली गेली; सुधारणेचा पसारा एका पेपरापुरता राहिला नाही, यातच तिचे यश आहे. कॅनडातील ब्रॉक विद्यापीठात २००१ पासून चालणाऱ्या अभ्यासक्रमात गणिताचे विद्यार्थी स्वतः अटकळ मांडतात, तिच्या शोधासाठी स्वतः प्रोग्राम रचतात आणि काय सापडले ते लिहून देतात. केंब्रिजच्या ट्रायपॉसमधले, म्हणजे तिथल्या गणिताच्या पदवीतले, संगणकीय प्रकल्पही अहवालावर तपासले जातात. भाषा कोणती वापरायची, याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. ब्रॉक आणि केंब्रिज या दोन्ही ठिकाणी समान गोष्ट एकच: गुण मिळतात ते कोडमधून निघालेल्या गणितासाठी.

न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसवर मी वर टीका केली, ती त्या विषयावर नव्हती. नीट शिकवला तर तोच विषय वास्तव संख्यांबद्दलचा आंधळा विश्वास मोडतो. १ + १/२ + १/३ + … ही श्रेणी अपसारी आहे, हे पहिल्या वर्षी सिद्ध होते. ती सिंगल प्रिसिजनमध्ये डावीकडून बेरजेला लावा. सुमारे २१ लाख पदांनंतर बेरीज १५.४ च्या आसपास गोठते आणि पुढे कितीही पदे मिळवली तरी हलत नाही, कारण मिळवायचे पद त्या बेरजेच्या शेवटच्या बिटच्या निम्म्याइतकेच उरलेले असते आणि पूर्णांकनात नाहीसे होते. अपसारी श्रेणी यंत्रावर अभिसारी दिसते! हा अनुभव विश्लेषणाच्या तासाला आला तर विद्यार्थी विचारतो, की मग संगणक ज्यांना वास्तव संख्या म्हणतो त्या आहेत तरी काय. त्यांची बेरीज साहचर्य पाळते का? पाळत नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ च्या बरोबर येत नाही, ही कॉलेजात गंमत म्हणून सांगितली जाणारी गोष्ट खरे तर एका बीजगणिती गुणधर्माच्या अभावाशी जोडून शिकवायला हवी.

आता आक्षेपांकडे. सर्वांत गंभीर आक्षेप हा, की प्रोग्रामिंग स्वतःच इतके अवघड आहे की ते गणिताच्या तासात घातले तर दोन्ही बुडतील. याला पुरावा आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. येन्स बेनेडसेन आणि मायकेल कास्पर्सन यांनी २००७ मध्ये जगभरच्या संस्थांकडून माहिती गोळा केली, तेव्हा प्रोग्रामिंगच्या पहिल्या पेपरात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी उत्तीर्ण होत नसल्याचे दिसले. त्याआधी २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत सुरुवातीचे पेपर पुरे केलेल्या विद्यार्थ्यांना साध्या कॅल्क्युलेटरचे प्रोग्राम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण २३ च्याही आत होते. गणिताच्या विद्यार्थ्यापुढे तर आणखी काही खास अडचणी असतात. क्ष = क्ष + १ हे त्याच्या दृष्टीने सरळसरळ खोटे विधान आहे, आणि प्रोग्रामात ते रोज लिहावे लागते. फल म्हणजे एका संचातून दुसऱ्या संचात जाणारी संगती, असे तो शिकलेला असतो. पण प्रोग्रामातले फंक्शन तेच मूल्य दिले तरी दर वेळी वेगळे उत्तर देऊ शकते. मात्र हे सगळे आकडे ज्या पेपरांचे आहेत, त्यांत प्रोग्रामिंग स्वतंत्रपणेच शिकवले जात होते. वेगळा पेपर केल्याने अवघडपणा कमी होत नाही, तो फक्त दुसऱ्या विभागाच्या निकालात मोजला जातो. उलट बरोबरीच्या चिन्हाचा गोंधळ गणिताच्या शिक्षकासमोर झाला तर त्याचा उपयोग करता येतो: जुने मूल्य आणि नवे मूल्य यांना दोन नावे द्या, क्ष शून्य, क्ष एक, क्ष दोन, आणि समोर अनुक्रम उभा राहतो, लूप दर फेरीला काय अबाधित ठेवतो हे विचारा, आणि गणिती विगमनाचा तास सुरू होतो. किती आशय कमी करावा लागेल, हा हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. संकलनाच्या युक्त्यांची लांबलचक यादी कमी झाली तर गणिताचे फारसे नुकसान होईल असे मला वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी ती यादी पदवीनंतर कोण वापरते, हे सांगावे.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा: संगणक विद्यार्थ्याला उदाहरणांवर विश्वास ठेवायची सवय लावतो. धोका खरा आहे. पोल्याची १९१९ ची अटकळ ही, की कोणत्याही मर्यादेपर्यंतच्या किमान निम्म्या संख्यांचे मूळ अवयव विषम संख्येने असतात. तिचे सर्वांत लहान प्रतिउदाहरण ९०,६१,५०,२५७ आहे. नव्वद कोटींपर्यंत तपासणारा विद्यार्थी निर्धास्त झाला असता, आणि चुकला असता. पण ही अटकळ खोटी आहे हे १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह यांनी दाखवले तेही सिद्धान्त आणि संगणक एकत्र वापरूनच. ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेली घातांच्या बेरजेची अटकळ १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणकावरच्या शोधाने मोडली: २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज १४४ च्या पाचव्या घाताइतकी आहे. उदाहरण कधी काहीच सिद्ध करत नाही आणि कधी एकटेच पुरते, हा तर्कशास्त्राचा धडा या दोन गोष्टी शेजारी ठेवून जितका नीट देता येतो तितका दुसऱ्या मार्गाने देणे कठीण आहे. शिवाय प्रोग्रामची बरोबर-चूक हीही सिद्धतेचीच बाब असते. कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळ संख्या ओळखण्याची जी जलद रीत दिली, ती कृती म्हणून मोजक्या ओळींची आहे. ती चालते याची सिद्धता हेच त्या कामाचे सार.

याच टोकाला आता सिद्धता तपासणाऱ्या भाषा आल्या आहेत. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात केव्हिन बझर्ड यांनी २०१७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना लीन ही भाषा शिकवायला घेतली. २०१९ मध्ये नॅचरल नंबर गेम आला, ज्यात बेरजेचा क्रमनिरपेक्षतेचा नियमसुद्धा पेआनोच्या गृहीतकांवरून विगमनाने सिद्ध करावा लागतो. लीनमध्ये प्रोग्राम चालला म्हणजे सिद्धता पुरी झाली. अथिना थोमा आणि पाओला इआनोने यांच्या अभ्यासात लीनमध्ये रमलेल्या विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित सिद्धताही अधिक नेटक्या मांडणीच्या आढळल्या. पण ते विद्यार्थी आपणहून आलेले होते. काटेकोर मुलेच तिकडे वळतात की लीनमुळे मुले काटेकोर होतात, हे त्यावरून ठरत नाही. पहिल्या वर्षाच्या सगळ्या वर्गावर लीन लादावी, इतका पुरावा माझ्या मते अजून नाही.

भाषा कोणती, यावर विभागांच्या बैठकांत जितका वेळ जातो तितका जायला नको. पायथन फुकट आहे, वाचायला सोपी आहे, आणि विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेली सेजमॅथ ही गणिती प्रणाली तिच्यावरच उभी आहे. एवढे पुरे.

यंत्रच कोड लिहू लागल्यावर हे सगळे कशाला, असा आक्षेप गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. कौशल्य म्हणून प्रोग्रामिंग शिकवणाऱ्यांना त्याचे उत्तर देणे जड जाईल. व्याख्येची परीक्षा म्हणून शिकवणाऱ्यांना तितके नाही. जुलै २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री २ या प्रणालींनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांवर ४२ पैकी २८ गुणांची, म्हणजे रौप्यपदकाच्या दर्जाची, कामगिरी केली. अल्फाप्रूफ सिद्धता लीनमध्येच लिहिते. पण साध्या भाषेतले प्रश्न आधी नेमक्या गणिती भाषेत उतरवून देण्याचे काम तेव्हा माणसांनी हाताने केले होते. ०९९९ ही संख्या की मांडणी, हे ठरवणे त्याच जातीचे काम आहे, आणि यंत्राने दिलेला प्रोग्राम ते नीट ठरवतो की नाही हे ज्याने कधी स्वतः ठरवलेले नाही त्याला ओळखता येणार नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अभ्यासक्रमात जागा झालेली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात एस.वाय. गणिताच्या प्रॅक्टिकलला पायथन आले. मुंबई विद्यापीठात टी.वाय.ला प्रोग्रामिंगचा अप्लाइड कॉम्पोनंट चालत आला आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार केला आहे, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरिअलचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. अडते ते दोन ठिकाणी. प्रॅक्टिकल वेगळा पेपर असल्यामुळे त्याचा लिनिअर अल्जिब्रा किंवा विश्लेषणाच्या थिअरीशी संबंध जोडणे शिक्षकाच्या मर्जीवर राहते. आणि मूल्यमापन जर्नलवर होते: ठरलेले प्रोग्राम, ठरलेले आउटपुट, सही. जर्नलमध्ये उतरवलेला कोड विद्यार्थ्याने चुकवलेला नसतो, म्हणून त्याने काही शिकवलेलेही नसते. यावरचा इलाज खर्चिक नाही. जो शिक्षक ग्रूप थिअरी शिकवतो, त्याच्याकडेच त्या विषयाचे प्रॅक्टिकल द्यावे, त्याच्या कार्यभारात ते धरावे, आणि त्याला पायथन येत नसेल तर सुट्टीतल्या उजळणी वर्गात तेवढेच शिकवावे. परीक्षेत प्रोग्राम लिहायला सांगण्याऐवजी एक चुकीचा प्रोग्राम छापून द्यावा आणि विचारावे: हा कोणत्या मूल्यांना चुकीचे उत्तर देतो, व्याख्येतली कोणती अट त्यात सुटली आहे, आणि दुरुस्तीनंतर तो नेहमी थांबतो याची सिद्धता द्या. असा प्रश्न लेखी पेपरातही बसतो, त्याला संगणकाची लॅब लागत नाही, आणि तो तपासायला गणिताचाच परीक्षक लागतो.